सूड एक, सुधारित

मंगळवार, ४ मार्च. दुपारी दीड.

आजपासून भावजींशी बोलणं बंद. कायमचं. कारण लिहून ठेवते, नाहीतर उद्यापर्यंत माफ करून बसेन. माझा स्वभावच लोण्यासारखा.

नवीन बॅच बसली होती. मी चार नंबरच्या कॉम्प्युटरवरून फडकं फिरवत होते. माऊसला धक्का लागला आणि कुणाचं तरी टाईप केलेलं पान गेलं. एवढंच. भावजी सगळ्यांदेखत म्हणाले, वहिनी, तुमचं डिपार्टमेंट फडक्याचं, माऊसचं नाही. पहिली रांग हसली. मागच्या रांगेला ऐकू गेलं नव्हतं, पहिल्या रांगेने मान वळवून सांगितलं. मग तीही हसली.

डिपार्टमेंट म्हणे! हा क्लास आमच्या यांनी काढला. खाली सायकलीचं दुकान, वर आठ मशीनं, सगळी यांनी हाताने जोडलेली. हे गेल्यावर वाटणी झाली. क्लास धाकट्या भावाला, मागची खोली मला. चावी कुणाच्याच वाटणीत लिहिली नव्हती, ती माझ्या कमरेला राहिली. सकाळी मी उघडते तेव्हा भावजींचं डिपार्टमेंट चालू होतं.

संध्याकाळी ५.

फडक्याचं मी एक वेळ गिळलं असतं. पण आत्ता दाराआडून ऐकलं. भावजी फोनवर सांगत होते, चार नंबरच्या डीवरचं दादाचं सगळं काढायचं आहे, ते झालं की तू ये, मग इमेज टाकू.

काढायचं!

डी ड्राइव्हवर यांचे धडे आहेत. नऊ. यांनी स्वतःच्या आवाजात, स्वतःचं तोंड दाखवून क्लाससाठी भरलेले. नववा झाला आणि पंधरा दिवसांत हे गेले. दहावा नाही. सगळे सुटले की मी पाच-दहा मिनिटं चार नंबरवर बसते, कानाला हेडफोन लावून. उगाच कुणी गैरसमज करून घेऊ नये. मी कोर्स शिकते. नववा धडा तर शंभर वेळा झालाय, तोंडपाठ आहे. कसल्याशा डिस्कचा आहे. सुरुवात येतेच, म्हणून मी पट्टी ओढून एकदम शेवटावर जाते. शेवटी हे म्हणतात, अगं, चहा टाकतेस का? आणि मागून माझा आवाज येतो, टाकते, पण आधी त्या उंदराची शेपटी सोडा. मग हे हसतात. मग बंद होतो.

ते काढायचं म्हणे. कचरा काढतात, केस काढतात, तसं.

ठराव: भावजींना असा धडा शिकवायचा की दहावा म्हणून लक्षात राहील.

बुधवार, ५ मार्च. सकाळी ११.

सूड चालू. भावजींच्या चहात साखर घातली नाही. एक चिमूटसुद्धा नाही. दारातून बघत उभी राहिले, तोंड कसं वाकडं होतंय ते. सगळा चहा प्यायले. म्हणाले, बरं झालं वहिनी, डॉक्टरने साखर बंदच सांगितलीय, तुम्हाला कसं कळलं?

मी म्हटलं, कळतं हो मला. (हे बोलण्यात धरत नाही. उत्तर होतं.)

दुपारी ३.

मिळालं! हत्यार मिळालं!

जेवणाच्या सुट्टीनंतर क्लासात डोकावले तर साहेब चार नंबरसमोर गाढ झोपलेले. कानाला हेडफोन, मान मागे, तोंड असं उघडं की पडजीभ मोजावी. मशीनला एक काळी डबी वायरीने लावलेली. गाणी भरून घेत असणार. पोरीबाळी फी भरतात आणि मास्तर गाणी ऐकत घोरतात.

मोबाईलवर फोटो काढला. मग जरा मजा करावी म्हणून डबीची वायर उपटली, स्क्रीनचं बटण बंद केलं आणि दार आपटलं. दचकून उठले. काळ्या स्क्रीनकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, झालं वाटतं, असं पुटपुटले आणि डबी बॅगेत टाकून गेले. मी जिन्यात पदर तोंडात कोंबून हसले.

आता या फोटोचं काय करायचं ते ठरायचंय.

गुरुवार, ६ मार्च. दुपारी ४.

वायरवाला आला होता. हा आमचा मशीन दुरुस्तीवाला. दोन लेकरांचा बाप, मिशीवाला, पण गळ्यात कायम वायरींचं वेटोळं. मी त्याला म्हटलं, आधी सापाचे खेळ करायचास का? तो म्हणाला, काकू, तुम्ही असल्यावर सापाला कोण विचारतो. बरा माणूस आहे.

सोमवारी तपासणी आहे. एक बाई येणार, मशीनं बघणार, पास झालो तर क्लासला परीक्षा केंद्र मिळणार. त्याआधी आठही मशीनं नवी कोरी करायची म्हणून वायरवाला सगळीकडे इमेज टाकणार.

मला वाटत होतं इमेज म्हणजे फोटो. म्हटलं, कुणाचा टाकणार? तो हसला. म्हणाला, काकू, इमेज म्हणजे अख्खं मशीन. एक नंबरचं मशीन नीट सजवायचं, विंडोज, सगळे प्रोग्राम, स्क्रीनच्या भिंतीवरचं चित्र, सगळं. मग त्याची एक छापील कॉपी पेनड्राइव्हवर घ्यायची आणि बाकीच्या सातांवर ओतायची. सगळी एकासारखी एक.

मी विचारलं, भिंतीवरचं चित्र पण?

म्हणाला, चित्र पण.

देवा. म्हणजे इमेजमध्ये फोटोही बसतो. माझी समजूत चुकीची नव्हतीच, फक्त छोटी होती.

पार्टिशन पण समजावलं. डिस्क एकच, आत वाटण्या. सीमध्ये विंडोज राहतं, डीमध्ये आपलं सामान. इमेज सीवर टाकायची, डीला हात लावायचा नाही. मी म्हटलं, वाटणी मला शिकवू नकोस, मी एक अख्खी अंगावर काढलीय. तो म्हणाला, आणखी एक बारकी वाटणी असते, सगळ्यांच्या आधी. एरवी दिसत नाही, तिला नाव नसतं, पण मशीन तिथूनच उठतं. मी म्हटलं, म्हणजे मीच की. तो पुढे अक्षरं सरकतात असं काहीसं सांगत होता. चहा उतू जात होता म्हणून मी उठले. मुद्दा कळला होता.

संध्याकाळी ६.

योजना. एक नंबरच्या भिंतीवर भावजींचं उघडं तोंड. तेच सातांवर. सोमवारी तपासणीवाल्या बाई आल्या की आठ मशीनं एकदम चालू, आठ पडजिभा. मग बघू कुणाचं डिपार्टमेंट कुठलं.

शुक्रवार, ७ मार्च.

दिवसभर सराव. मोबाईलमधला फोटो एक नंबरवर घेतला. मग क्रॉप. क्रॉप म्हणजे नको ते कापायचं, हे यांच्या पाचव्या धड्यात आहे. हेडफोन, खुर्ची, स्क्रीन, डबी, सगळं कापून टाकलं. फक्त तोंड ठेवलं. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तोंड. वरच्या दाढेत भरलेली चांदी पण येते.

मी आता जवळजवळ इंजिनियर आहे.

भावजींच्या खुर्चीचं चाक ढिलं करून ठेवलं. वायरवाला बसला. पडला. भावजी म्हणाले, बघा वहिनी, खुर्च्या किती जुन्या झाल्यात. मी हो म्हटलं. (हेही उत्तर.)

शनिवार, ८ मार्च. दुपारी २.

सकाळी लवकर एक नंबरला फोटो लावून मशीन बंद करून ठेवलं. वायरवाला आला, पेनड्राइव्ह लावून मशीन त्याच्यावरूनच उठवलं, त्यामुळे भिंत त्याला दिसलीच नाही. छापील कॉपी सुरू. नाव विचारायला चौकोन आला. तो म्हणाला, काकू, टाईप करा तुम्ही, शिका. मी एका बोटाने टाकलं: SUD1.

तो बघत बसला. सुद? कशाचं सुद?

सुधारित, मी म्हटलं. सुधारित एक.

वा, म्हणाला. काकू, तुम्हाला डोकं आहे.

ते तर आहेच.

दुपारी ४.

परत कानावर आलं. भावजी जिन्यात वायरवाल्याला म्हणत होते, दादाचं मी बुधवारीच काढलं. आता चार नंबरचा डी उडवला तरी चालेल. उद्या तू सगळं उरकून टाक, मला एका लग्नाला जायचंय.

मी धावत चार नंबरकडे.  उघडलं, तर धडे सगळे जागेवर! एक ते नऊ. नववा लावून बघितला, उंदराची शेपटी पण आहे. म्हणे काढलं! साधं डिलीट जमत नाही आणि क्लास चालवतात.

पण उद्या वायरवाला डी उडवणार. म्हणजे उद्या त्याने यायचंच नाही. इमेज मी टाकणार. सातही मशीनं, एकटी. धडे वाचतील आणि पडजिभा पण लागतील. एका हाताने दोन कामं.

एकदा मनात आलं, धडे मोबाईलवर कॉपी करून घ्यावेत. मोबाईल म्हणाला जागा नाही. आणि मी तरी का घ्यावेत? आपल्याच घरातून गाठोडं बांधून पळायचं? डी हे यांचं घर. त्यातून मी काही हलवणार नाही, आणि कुणाला हलवू देणार नाही.

रविवार, ९ मार्च. सकाळी ९.

भावजी लग्नाला गेले. जाताना म्हणाले, वायरवाला आला की दार उघडून द्या आणि बाहेर बसा, त्याला कामात त्रास देऊ नका. पेनड्राइव्ह माझ्याकडेच देऊन गेले. दिला बिचाऱ्याने स्वतःच्या हाताने.

वायरवाल्याला फोन केला. भावजींनी सांगितलंय काम झालं, तू येऊ नकोस. तो म्हणाला, कुणी केलं? मी म्हटलं, एका इंजिनियरने. तो खूश, त्याला लेकरांना घेऊन सासुरवाडीला जायचं होतं.

९.४०.

दोन नंबर. पेनड्राइव्ह लावला, एफ बारा दाबून धरलं, निळी पाटी आली. माझ्या हाताला कंप नाही. पदराला आहे, पण तो पंख्याने.

रिस्टोअर दाबलं. विचारलं, कुठे टाकू? खाली तीन वाटण्या.

सी, पाचशे एमबी.
डी, दीडशे जीबी.
ई, तीनशे जीबी, न्यू व्हॉल्यूम.

सी दाबलं. लाल अक्षरं. एक एक लावून वाचलं: जागा पुरत नाही.

हे वायरवाल्याने सांगितलं नव्हतं. आता?

१०.१०.

डोकं शांत ठेवून विचार केला. चहा घेतला. सीमध्ये जागा नाही. डीला हात लावायचा नाही, मेले तरी नाही, चारवर तिथेच धडे आहेत. राहिलं कोण? ई. हे ई कुठून आलं, मी आजवर कधी बघितलं नाही. म्हणजे तिथे कुणी राहतच नाही. नाव बघा ना, न्यू व्हॉल्यूम. न्यू म्हणजे नवं. नवी कोरी वाटणी, तीनशेची, बिनवापराची पडलेली. वायरवाल्याला एवढं दिसत नाही!

ई दाबलं. विचारलं, ईमधलं सगळं जाईल, चालेल का?

जाऊ दे की. यस.

१०.३५.

हिरवी पट्टी सरकतेय. काय सुंदर सरकते. यांना बघायला हवं होतं.

दुपारी १२.

तीन नंबर झाला, पाच चालू. चार शेवटी घेणार, सगळा सराव झाल्यावर. संपलं की आपोआप बंद व्हायची खूण करून ठेवलीय. एकही मशीन परत चालू करून बघणार नाही. उद्याची मजा आज उष्टी करायची नाही.

दुपारी २.२०.

चार नंबर. इथे मात्र हात धुऊन आले. डीला लांबून नमस्कार केला. काळजी करू नका म्हटलं, तुमच्या उंबऱ्याला कुणी शिवणार नाही. ई. यस. जाऊ दे.

दुपारी ३.

सातही झाली. भावजींचा फोन आला, झालं का? मी म्हटलं, झालं. म्हणाले, वायरवाला हुशार आहे. मी म्हटलं, हो ना.

उद्यासाठी हिरवी साडी काढून ठेवलीय.

सोमवार, १० मार्च. दुपारी १.

काय लिहू.

क्रमाने लिहिते. तपासणीवाल्या बाई दहाला आल्या. चष्मा, फाईल, पायात कॅनव्हासचे बूट. मी पाण्याचा ट्रे घेऊन दारात उभी, अशी जागा धरून की आठही स्क्रीन दिसाव्यात. भावजींनी मेन बटण दाबलं.

दोन नंबर उजळला. हिरवं कुरण. रोजचंच. तीन, कुरण. पाच, सहा, सात, आठ, कुरण, कुरण, कुरण. चारवर पण कुरण. गाय तेवढी चरायची राहिली होती.

एकटा एक नंबर. त्याच्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत भावजी, चांदीच्या दाढेसकट. आणि भावजींनी बाईंना नेमकं तिथेच बसवलेलं.

बाईंनी चष्मा वर केला. विचारलं, हे कोण?

भावजी आधी पांढरे, मग लाल झाले. म्हणाले, मी.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, तपासणीच्या तयारीला फार जागलात वाटतं. एकट्याने क्लास ओढणं सोपं नसतं. आणि फाईलमध्ये लिहिलं. मी ट्रे पुढे करून डोकावले. चालक कष्टाळू, असं लिहिलं!

पडजीभ बघून कष्टाळू!

हे इथेच संपलं असतं तरी मी सोसलं असतं. बाई म्हणाल्या, आता मुलांचा सरावाचा संग्रह दाखवा. तो डीवर असतो. भावजींनी एक नंबरचा डी उघडला, सगळं होतं. दोन नंबरचा उघडला. आत विंडोज. तीनचा, विंडोज. सगळ्यांच्या सीमध्ये विंडोज होतंच, डीमध्ये पण विंडोज, आणि मुलांचं एक पान नाही. वर्षभराचं.

मी ट्रे खाली ठेवला. चार नंबरचा डी भावजींनी उघडला तेव्हा मी मागेच होते. विंडोज. यूजर्स. प्रोग्राम फाइल्स. धडे नाहीत. एकही नाही.

पण मी डीला हात लावला नव्हता. मी ईला लावला होता. आता ई कुठेच दिसत नाही. काल होता. शपथेवर सांगते, काल होता.

बाई म्हणाल्या, पंधरा दिवसांनी परत येते, तोवर हे निस्तरा. भावजींनी तिथूनच वायरवाल्याला फोन लावला आणि जे बोलले ते मी इथे लिहीत नाही. तो म्हणत असणार, मी आलोच नाही. भावजी म्हणाले, खोटं बोलू नकोस.

मी काही बोलले नाही. बोलणं बंद आहे ना.

संध्याकाळी ५.

वायरवाला येऊन गेला. बिचारा. लेकरांना सासुरवाडीला सोडून धावत आला होता. मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, काकू, तो इंजिनियर कोण होता? मी म्हटलं, गेला तो.

म्हणाला, त्याला एवढं पण माहीत नाही का? पेनड्राइव्हवरून उठवलं की त्या बारक्या वाटणीलाही अक्षर मिळतं, ती सी होऊन बसते, आणि बाकीच्यांची अक्षरं एकेक घर पुढे सरकतात. सीचा डी होतो, डीचा ई. मी तुम्हाला गुरुवारी सांगितलं होतं ना?

सांगितलं होतं. चहा उतू जात होता.

म्हणजे मी जे सांभाळलं ते विंडोज. आणि जिथे कुणी राहत नाही म्हणून यस दाबलं, तिथे हे होते.

मंगळवार, ११ मार्च. सकाळी ११.

रडले नाही. डोळ्यात कचरा गेला. माझंच डिपार्टमेंट.

सगळा दोष भावजींचा आहे. त्यांनी काढायचं म्हटलं नसतं तर मी वाचवायला गेले नसते.

दुपारी ३.

वायरवाल्याचा चेहरा डोळ्यांपुढून जाईना. भावजींकडे गेले. ते एक नंबरसमोर बसले होते, स्वतःच्याच तोंडाकडे बघत. मी म्हटलं, भावजी, वायरवाला आला नव्हता. मी केलं.

म्हणाले, माहीत आहे. इमेजचं नाव बघितलं. सूड एक.

मी म्हटलं, सुधारित.

ते हसले नाहीत. विचारलं, का हो वहिनी? मग माझा तोल सुटला. सगळं ओकले. फडकं, पहिली रांग, मागची रांग. आणि म्हटलं, यांचे धडे तुम्ही काढणार होतात. कचऱ्यासारखे काढून टाकणार होतात.

भावजी माझ्याकडे बघतच राहिले. म्हणाले, काढून टाकणार? मी काढून घेणार होतो. काढून ठेवणार होतो.

बॅगेतून काळी डबी काढली. म्हणाले, बुधवारी अख्खी दुपार बसून यात काढले. चार नंबर जुना झालाय, तपासणीत तसाही बसत नव्हता. तो साफ करून तुमच्या खोलीत लावणार होतो, धडे परत घालून. रोज संध्याकाळी फडकं हातात धरून चार नंबरवर ऐकत बसता, तुम्हाला वाटतं कुणाला दिसत नाही?

मी मोबाईल उघडला. बुधवारचा फोटो. कापलेला नव्हे, मूळचा. उघडं तोंड, हेडफोन, डबी. आणि मागे स्क्रीनवर हे. खडू हातात धरून काहीतरी सांगताना. खाली कॉपीची हिरवी पट्टी, अर्ध्याच्या पुढे गेलेली.

मी नेमकं तेवढंच कापलं होतं.

तरी एक गोष्ट खरी, धडे आहेत! डबीत आहेत! मी उगाच जिवाला लावून घेतलं. एकूण बघता काही नुकसान झालेलं नाही. मुलांचा सराव पंधरा दिवसांत परत करून घेता येतो, तेवढा त्यांचा सरावही होईल. वायरवाल्याला फोन करून मीच खरं सांगितलं. तो म्हणाला, काकू, मला सुदवरूनच संशय आला होता.

बुधवार, १२ मार्च. दुपारी ४.

चार नंबर माझ्या खोलीत आला. खिडकीखाली. वायरवाल्याने उचलून आणला, भावजींनी डबी लावली. मी पायऱ्या पुसायच्या सोडून बघत बसले.

एक. दोन. तीन. चार. पाच. सहा. सात. आठ.

भावजींनी खाली सरकवून बघितलं, वर सरकवून बघितलं. म्हणाले, नऊ होते ना? मी उठलो तेव्हा तर संपलं होतं. स्क्रीन बंद झाली होती.

वायरवाला म्हणाला, मध्येच कुणी वायर काढली तर शेवटचा राहतो.

भावजी म्हणाले, कोण काढणार? क्लासात मी एकटाच होतो.

मी खिडकीतून खाली सायकलीचं दुकान बघत होते. कुणाची तरी ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधत होते. बुडबुडे येत होते.

मग मी सांगितलं. वायरीचं पण, बटणाचं पण, दार आपटल्याचं पण. वायरवाल्याने डबीची वायर गुंडाळून ठेवली.  शेवटी भावजीच म्हणाले, जाऊ दे वहिनी, तुमचा तोंडपाठ आहे ना नववा? शंभर वेळा ऐकला असेल. तुम्ही सांगा, मी लिहून घेतो, तुमच्या आवाजात भरू.

वही उघडून, पेन धरून बसले.

मी सुरुवात केली. नमस्कार, आज आपण.

आज आपण.

अगं, चहा टाकतेस का, एवढंच पुढे आलं. त्याच्या आधीचं मी कधी ऐकलंच नव्हतं.

भावजींनी वही बंद केली. घरी जाऊन स्वतःची जुनी वही घेऊन आले, दादाच्या पहिल्या बॅचची. पान उघडून माझ्यापुढे धरलं. यांचं शिकवणं, भावजींचं वेडंवाकडं अक्षर:

धडा ९. डिस्क आणि पार्टिशन. पेनड्राइव्हवरून मशीन उठवलं तर अक्षरं सरकतात. म्हणून अक्षर बघू नये, आकार बघावा. यस दाबण्याआधी आत कोण राहतं ते उघडून बघावं.

गुरुवार, १३ मार्च. संध्याकाळी ६.

आज धडा पहिला लावला. सुरुवातीपासून. पट्टी ओढली नाही. माऊस कसा धरायचा तिथपर्यंत आले.

भावजींवर सूड घ्यायचा राहिलाच आहे. हे मी विसरलेले नाही. सगळ्यांदेखत बोलले होते. म्हणून चार वाजता त्यांच्या चहात साखर घातली. डॉक्टरने बंद सांगितलीय ना? दोन चमचे, भरून.

भावजींनी घोट घेतला आणि कप धरून बसून राहिले. म्हणाले, आज दादाच्या वेळेसारखा झालाय.

अर्धा मी मोरीत ओतला. उगाच शुगर वाढायची.